मुदतवाढ

नवा कॉम्प्युटर घेतलाय, त्यात जुनंच विंडोज टाकून द्या, ही मागणी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात वर्षानुवर्षं ऐकू येते. ती करणारा बहुतेक वेळा छापखान्याचा मालक असतो, सीएनसी यंत्रावर सुटे भाग बनवणारा कारखानदार असतो किंवा एखाद्या छोट्या पतसंस्थेचा व्यवस्थापक असतो. मागणीची वेळही जवळजवळ ठरलेली असते. जुना कॉम्प्युटर बंद पडलेला असतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, त्या जातीचा बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधूनही मिळत नाही आणि काम तर दोन दिवसांत द्यायचं असतं. अशा वेळी विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ नव्या यंत्रावर चालवून देणं हे आमच्या धंद्यात कौशल्याचं काम मानलं जातं, आणि ते आहेच. पण हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे. नव्या यंत्रावर जुनी सिस्टिम चालवता येते, पुष्कळदा उत्तम चालवता येते. मात्र त्यातून मिळते ती फक्त मुदतवाढ. कर्जाची मुदत वाढली म्हणून कर्ज फिटत नाही. मिळालेल्या मुदतीत काय करायचं हे न ठरवता घेतलेली मुदतवाढ ज्या कामासाठी घेतली, त्याच कामाला शेवटी अडचणीत आणते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जुनी सिस्टिम मागणाऱ्याला हट्टी किंवा मागासलेला समजण्याची रीत आहे आणि ती अन्यायाची आहे. या लोकांना एक्सपीचा हिरवा डोंगर आणि निळं आकाश बघत बसायची हौस नसते. त्यांचं काम तिथे अडकलेलं असतं. मराठी छापखान्यांचंच घ्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर आणि पेजमेकरवर महाराष्ट्रातलं डीटीपी उभं राहिलं. दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकांची गाइडं, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, सगळी पानं त्यावर लागली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, म्हणजे ७.०, २००१ सालची. त्यानंतर ते सॉफ्टवेअर पुढे गेलंच नाही. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला अनेक ठिकाणी डोंगल लागत असे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावायचं छोटं हार्डवेअर कुलूप. हे सगळं एकत्र जिथे चालतं ती जागा म्हणजे जुनं विंडोज. छापखान्याचा मालक जुनं विंडोज मागतो तेव्हा तो वीस वर्षांचा जुळवलेला मजकूर, हाताला बसलेला कीबोर्ड आणि बांधलेलं गिऱ्हाईक मागत असतो. ही मागणी पूर्णपणे शहाणपणाची आहे. प्रश्न फक्त ती कशी पुरवायची एवढाच आहे.

तर ती पुरवताना काय आडवं येतं ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा पुरावा त्या अडचणींच्या क्रमात आहे. एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. त्या काळी हार्ड डिस्क रुंद, चपट्या आयडीई केबलने जोडलेल्या असत. पुढे साटा डिस्क आल्या आणि त्यांच्याबरोबर एएचसीआय ही डिस्कशी संवाद साधण्याची नवी पद्धत आली. एक्सपीच्या सीडीत ही पद्धत जाणणारा ड्रायव्हरच नाही. त्यामुळे नव्या यंत्रावर एक्सपी टाकायला घेतली की थोड्याच वेळात निळा पडदा येतो. तिला डिस्क दिसतच नसते. एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर देण्याची सोय होती, पण नव्या यंत्राला फ्लॉपी कुठली? मग बायोसमध्ये जाऊन डिस्क आयडीई पद्धतीवर आणायची, नाहीतर एनलाइटसारख्या प्रोग्रामने ड्रायव्हर आधीच मिसळून नवी सीडी तयार करायची. एवढं करून ती बसली, तरी ३२ बिटांची एक्सपी चार जीबीपलीकडची मेमरी वापरत नाही आणि प्रत्यक्षात सव्वातीन जीबीच्या आसपासच हाताला लागते. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क तिला पूर्ण वापरता येत नाही. ती डिस्कचा पहिला भाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, तर २०११ च्या सुमारास आलेल्या डिस्क आतून ४ केबीचे सेक्टर वापरतात. हे मोजमाप जुळत नाही म्हणून नवी वेगवान डिस्क रडतखडत चालते. एसएसडी लावली, तर पुसलेल्या जागा एसएसडीला कळवण्याची ट्रिम नावाची सोय एक्सपीत नाही, त्यामुळे तिचा वेग हळूहळू घटतो. या प्रत्येक अडचणीवर तोड आहे. डिस्कचे विभाग आधी दुसऱ्या साधनाने नीट पाडून घेता येतात, एसएसडीबरोबर मिळणारं साफसफाईचं सॉफ्टवेअर चालवता येतं. पण प्रत्येक तोड म्हणजे नव्या यंत्राने जुन्यासाठी केलेली तडजोड असते, आणि गिऱ्हाइकाने ज्या वेगाचे पैसे मोजले त्यातला बराचसा वाया जातो.

विंडोज ७ ची गोष्ट थोड्या वेगळ्या वाटेने तिथेच पोचते. २२ ऑक्टोबर २००९ ला आलेल्या या सिस्टिमला एएचसीआय येतं, ट्रिम येतं, ६४ बिटांत भरपूर मेमरी वापरता येते. पण तिच्या डीव्हीडीत यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. २०१५ च्या इंटेल स्कायलेक पिढीपर्यंत हे खपून गेलं, कारण बोर्डावर जुन्या यूएसबीचा कंट्रोलर शिल्लक होता. त्या पिढीपासून इंटेलने तो काढून टाकला. परिणाम असा, की इन्स्टॉलेशनचा पहिला पडदा समोर दिसतो आणि माऊस-कीबोर्ड दोन्ही मेलेले असतात. बोर्डावर जुना गोल पीएस/२ पोर्ट असेल तर तिथे कीबोर्ड लावून काम निभतं. नसेल तर पुन्हा ड्रायव्हर मिसळणं आलं. एनव्हीएमई एसएसडीसाठी मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला हॉटफिक्स मिसळावा लागतो. जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की यापुढच्या नव्या प्रोसेसरना फक्त विंडोज १० चाच आधार मिळेल. २०१७ मध्ये तर तशा प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज ७ ला अपडेट मिळणंच थांबलं. सर्वात मोठा बदल त्याच्याही खाली, यंत्र सुरू होण्याच्या पायरीवर झाला. बायोसच्या जागी यूईएफआय आल्यानंतरही बोर्डांत जुन्या बायोसची नक्कल करणारी सीएसएम नावाची सोय ठेवलेली असे. एक्सपी तिच्याशिवाय सुरूच होत नाही, आणि विंडोज ७ लाही पडदा दाखवण्यासाठी तिची गरज पडते. २०२० पर्यंत ही सोय बंद करण्याचा बेत इंटेलने २०१७ मध्येच सांगितला होता. आज अनेक नव्या यंत्रांत ती नाही.

माझ्या मते या धंद्यातलं खरं वळण हेच. तोवर आम्ही समजत होतो, की जुनी सिस्टिम नव्या यंत्रावर चालते ती आमच्या युक्त्यांमुळे. खरं तर ती चालत होती, कारण यंत्र बनवणाऱ्यांनी जुन्याची सोय ठेवली होती. आयडीई पद्धत, जुना यूएसबी कंट्रोलर, पीएस/२ पोर्ट, सीएसएम या सगळ्या त्यांनी राखलेल्या वाटा होत्या आणि आमचं कौशल्य त्या शोधण्यापुरतं होतं. सॉफ्टवेअरला गंज लागत नाही. २००१ ची एक्सपी आजही बाइटगणिक तशीच आहे. बदलतं ते तिच्या भोवतालचं, आणि ते कधी बदलेल हे ना तिच्या हातात, ना गिऱ्हाइकाच्या, ना दुरुस्ती करणाऱ्याच्या. यंत्र जुन्यापेक्षा जास्त वेगवान किंवा मोठं झालं, एवढंही अनेकदा पुरेसं ठरलं आहे. विंडोज ९८ मेमरी ५१२ एमबीच्या वर गेली की अडखळू लागते. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक डॉस प्रोग्राम वेगवान प्रोसेसरवर सुरू होताच शून्याने भागाकाराची चूक दाखवून बंद पडतात, कारण प्रोसेसरचा वेग मोजताना त्यांनी गृहीत धरलेल्या आकड्याच्या पलीकडे यंत्र गेलेलं असतं. जी गोष्ट दुसऱ्याच्या मर्जीवर उभी आहे तिच्यावर धंद्याचा कायमचा भार टाकणं धोक्याचं आहे. म्हणूनच मी तिला मुदतवाढ म्हणतो.

या वळणानंतर गिऱ्हाइकाला विचारायचा पहिला प्रश्न बदलतो. कोणतं विंडोज हवं, हे विचारण्याऐवजी नेमकं काय अडकलं आहे, हे विचारावं लागतं, आणि उत्तरं पुष्कळदा अनपेक्षित निघतात. फॉक्सप्रोमध्ये बनवलेला पतसंस्थेचा जुना हिशेब घ्या. डॉसचा १६ बिटी प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून सगळे एक्सपीला चिकटून असतात. पण त्याची माहिती डीबीएफ फाइलींत असते आणि त्या फाइली आजचं लिब्रेऑफिस सरळ उघडतं. प्रोग्राम अडकला आहे, माहिती मोकळी आहे. कारखान्यातलं सीएनसी यंत्र घ्या. तिथे एक्सपीचा कॉम्प्युटर केवळ जी-कोड, म्हणजे यंत्राने कसं हलायचं त्या सूचना, पाठवण्यासाठी ठेवलेला असेल, तर जी-कोड हा साधा मजकूर आहे आणि तो आरएस-२३२ केबलमधून जातो. नीट पारखून घेतलेलं सिरिअल कार्ड किंवा कन्व्हर्टर लावून आजचा कॉम्प्युटरही तो पाठवतो. इथे अडकली होती ती केबल. एक्सपीचा संबंध नावापुरता होता. मात्र यंत्राच्या कंट्रोलरमध्येच जुनं विंडोज असेल, किंवा यंत्र जुन्या आयएसए जातीच्या कार्डावर चालत असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे नवा कॉम्प्युटर घेण्याचा विचारच चुकीचा. जुन्या जातीचा सुटा बोर्ड मिळेल तिथून आणून ठेवणं, डिस्कची तंतोतंत प्रत काढून दोन ठिकाणी जपणं, वीज जाते-येते तिथे यूपीएस नीट सांभाळणं आणि मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल वेळेवर बदलणं, हाच त्यावरचा इलाज. लाखो रुपयांचं यंत्र अजून धातू अचूक कापतं आहे, तर त्याचा मेंदू उगाच बदलू नये.

सर्वात अवघड जागा मराठी मजकुराची आहे, आणि तिच्याविषयी मला सर्वात जास्त कळकळ आहे. जुन्या फॉन्टच्या फाइलीत देवनागरी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की समोर अर्थहीन चिन्हांचा ढीग उरतो. शिवाय हे तुकडे दिसण्याच्या क्रमाने साठवलेले असतात. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी आधी येते आणि मग 'क'. युनिकोडमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर. 'सूर्य' मधला रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर ठेवलेला असतो, युनिकोडमध्ये तो 'र' म्हणून अक्षराआधी यावा लागतो. म्हणून रूपांतर करणारे प्रोग्राम बहुतेक मजकूर बरोबर बदलतात आणि नेमके जोडाक्षरांत व रफारांत घसरतात. मराठी जाणणाऱ्या माणसाला प्रत्येक पान वाचूनच काढावं लागतं. हे काम खर्चाचं आहे, कंटाळवाणं आहे, म्हणून पुढे ढकललं जातं. पण ते दर वर्षी अवघड होत जातं. इनडिझाइन २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडत असे. त्यापुढच्या आवृत्त्यांतून ती सोय गेली. पीडीएफ काढून ठेवली तर पान जसंच्या तसं दिसतं, पण जुन्या फॉन्टच्या त्या पानात मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, नव्या आवृत्तीसाठी वापरता येत नाही. आणि युनिकोड मराठीची सोय काही कालची नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट विंडोजबरोबर येऊ लागला त्याला दोन दशकं उलटली. एक्सपीतही सेटिंगमधला एक पर्याय निवडून सीडीतल्या फाइली टाकल्या की देवनागरी चालत होती. म्हणजे ज्या सिस्टिमला आपण चिकटून राहिलो, तिच्यातच बाहेर पडण्याची वाट होती.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वात जास्त ऐकू येणारा असा, की आमचा कॉम्प्युटर नेटला जोडलेलाच नाही, मग धोका कसला? नेटपासून दूर ठेवणं योग्यच आहे आणि जुनी सिस्टिम चालवणाऱ्या प्रत्येकाने ते करावंच. पण छापखान्यात मजकूर येतो पेनड्राइव्हवरून आणि कारखान्यात ड्रॉइंगही तसंच येतं. २००८ च्या अखेरीस आलेला कॉनफिकर नावाचा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट तर इराणच्या नतांझ इथल्या, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या अणुप्रकल्पात शिरला होता. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: केवळ वय हा धोक्याचा मापदंड नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा विस्कळीत झाली, तेव्हा बळी पडलेल्यांत एक्सपी थोडी होती; सर्वाधिक यंत्रं विंडोज ७ ची होती. त्या सिस्टिमसाठीची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, ती कोणी घातली नव्हती इतकंच. पण यातून जुनीचा बचाव होत नाही. निष्काळजी माणसाच्या हाती नवी सिस्टिमही सुरक्षित नसते, हे त्यातून कळतं. फरक एवढाच, की एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. तेव्हापासून, क्वचित दिलेल्या आणीबाणीच्या किंवा पैसे मोजून मिळणाऱ्या दुरुस्त्या सोडल्या, तर काळजी घेणाऱ्यालाही घालायला काही मिळत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: एवढा खटाटोप हवा कशाला, नव्या विंडोजमध्ये किंवा लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन करा आणि त्यात एक्सपी चालवा. मीही बहुतेकांना हाच सल्ला देतो. व्हर्च्युअल मशीन जुन्या सिस्टिमला जुन्यासारखंच यंत्र दाखवतं, त्यामुळे डिस्क, यूएसबी, बायोस यांची भांडणंच उरत नाहीत; सगळी सिस्टिम एका फाइलीत मावते आणि तिची प्रत काढणं सोपं जातं. खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ च्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी एक्सपी मोड नावाने हीच सोय दिली होती. पण तिलाही मर्यादा आहेत. पॅरलल पोर्टवरचं डोंगल तिथे अनेकदा ओळखलं जात नाही. यूएसबीचं डोंगल बरेचदा चालतं. जो प्रोग्राम पोर्टच्या ३७८ या पत्त्याशी थेट बोलतो, किंवा क्षणाक्षणाच्या अचूकतेवर यंत्र हलवतो, त्याला ही मधली भिंत सोसत नाही. परवान्याचाही प्रश्न असतो, कारण कॉम्प्युटरबरोबर आलेलं विंडोज त्याच कॉम्प्युटरपुरतं असतं. आणि हे सगळं जमलं तरी जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच अडकलेला राहतो. व्हर्च्युअल मशीनची मुदत लांब आणि स्वस्त असते, तरी ती मुदतच.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो. कंपन्या आपल्या फायद्यासाठी चालती यंत्रं निकामी ठरवतात, छोट्या माणसाने दर काही वर्षांनी नवा खर्च का करावा? या तक्रारीत तथ्य आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे ठणठणीत असलेले असंख्य कॉम्प्युटर अधिकृतपणे बाद ठरले. काल नवं यंत्र जुन्या सिस्टिमला नाकारत होतं, आज नवी सिस्टिम जुन्या यंत्राला नाकारते. पण या अन्यायाचं उत्तर जुन्या सिस्टिमला धरून बसण्यात नाही, कारण तीही त्याच कंपनीची आहे आणि तिच्या चाव्याही तिथेच आहेत. खरं उत्तर आपलं काम अशा रूपात ठेवण्यात आहे, की ते कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही सिस्टिमवर उघडेल. साधा मजकूर, युनिकोड, डीबीएफ आणि सीएसव्हीसारख्या उघड्या रचनेच्या फाइली ज्याच्याकडे आहेत, तो बाद ठरलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकूनही काम करू शकतो. ज्याचं सगळं एका डोंगलमागे आहे, त्याला दर वेळी कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागते.

म्हणून नव्या यंत्रावर जुनी सिस्टिम बसवून देताना आता तीन गोष्टी मी कामाचाच भाग मानतो. चालू झालेल्या सिस्टिमची पूर्ण प्रत काढायची, ती दुसऱ्या यंत्रावर परत चढवून पाहायची आणि मगच ती आहे असं समजायचं. काय काय अडकलं आहे, कुठल्या प्रोग्रामची सीडी, कुठलं डोंगल, कुठला ड्रायव्हर, हे कागदावर लिहून मालकाच्या हाती द्यायचं, कारण ते माहीत असलेला कामगार उद्या नोकरी सोडून जाऊ शकतो. आणि अडकलेली माहिती मोकळी करण्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करायचं, रोज थोडं. छापखान्याने ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघणार आहे ती आधी घ्यावीत, बाकीची सवडीने. नवं काम मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावं, म्हणजे ढीग वाढत तरी नाही. हे केलं तर एक्सपी आणखी काही वर्षं चालली तरी काही बिघडत नाही, कारण ती ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी फक्त एक यंत्र बंद पडेल. हे केलं नाही, तर तिच्याबरोबर गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं बरंच मराठी पुस्तक-मासिकांचं भांडार पुन्हा टाइप करण्याच्या लायकीचं उरेल, आणि त्यातलं बहुतेक कोणी पुन्हा टाइप करणार नाही. ते वाचवायला लागणारी साधनं आज हाताशी आहेत, ती वापरू शकणारी माणसंही आहेत. मुदत घ्यायची असेल तर या कामासाठी घ्यावी.